वीतभर मशीन

पहिलेच सांगून ठेवतो, माझं डोकं लवकर तापते आणि तोंड त्याच्याही आधी सुटते. इतवारीतल्या कापडाच्या दुकानात मी बत्तीस वर्षं गादीवर बसून लुगडी उलगडली. त्याच्या आधी तांडापेठेतल्या आमच्या घरी माग होता, त्यावर बसायचो. माग बंद पडला तेव्हा हात रिकामे झाले आणि तोंड कामाले लागलं. गिऱ्हाइकाले बोलू द्यायचं नाही, ते बोललं का विचार करते आणि विचार केला का उठून जाते, हे मले शेठनं शिकवलं होतं. ते मी इतलं मनावर घेतलं का घरी आल्यावरही सोडलं नाही.

घरी ऐकायले जिजा होती. जिजाबाई, माझी बायको. उमरेडची, तीही विणकराच्याच घरची. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण अक्षर असं का मोहल्ल्यातल्या लग्नपत्रिकांवर नावं घालायले लोक तिच्याकडे यायचे. आपण घरात कसंही बोलू, पण लिहायचं ते शुद्धच, असा तिचा खाक्या. बोलायची मात्र मोजकं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी बोललो आणि तिनं ऐकलं. मले वाटायचं, असंच असते.

माझं नाव तर तिनं कधी तोंडातून काढलं नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याले 'अजी' म्हणतात. अजी, ऐकता का. अजी, दूध उतू चाललं. राशन कार्डाच्या हापिसात बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं तर हिनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बोट केलं. कॅलेंडरावर मारोती, एका हातावर डोंगर घेतलेला. बाबू म्हणे, बाई, हनुमान लिहू का? मी बाहेर रांगेत होतो, धावत आत गेलो आणि सांगतलं का मारोतराव लिहा. घरी येईपर्यंत मी तिले चिडवलं. ती पदर तोंडाले लावून हसत राहिली, पण नाव काही घेतलं नाही.

चार वर्षांपहिले तिले झटका आला. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजते, पण बोलणं आता येणार नाही. उजव्या हाताची बाई, डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या. आपलंच अक्षर पाहून तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि तिनं वही खाटेखाली फेकून दिली. तीन महिने ती बोटानं दाखवायची आणि मी चुकीचं समजायचो. पाणी मागितलं का चादर आणायचो. त्यात माझं डोकं तापायचं. आजाऱ्यावर ओरडलो आहे मी, खोटं काहून बोलू.

मग आमची पोरगी काजल पुण्याहून आली आणि कपाटातून तिचा कॉलेजातला लॅपटॉप काढला. लॅपटॉप म्हणजे काय, पोरांच्या पाटीएवढा. सात इंची पडदा. तेव्हा असे लहान निघाले होते. तिनं बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि आईले बसवून शिकवलं. एकेका बटणावर दोन अक्षरं असतात. खालचं नुसतं दाबलं का येते. वरचं पाहिजे असलं तर शिफ्टचं बटण धरून ठेवावं लागते. ख, घ, भ, श अशी सगळी वरची अक्षरं, आणि 'अ'सुद्धा वरचंच. शिफ्ट दोन असतात, डाव्या कोपऱ्यात एक आणि उजव्या कोपऱ्यात एक. त्यातलं डावं केव्हाचंच मेलेलं होतं, हॉस्टेलात कोणीतरी त्यावर चहा सांडला होता. म्हणून काजलनं आईले उजवं शिकवलं. अंगठा शिफ्टवर, करंगळी अक्षरावर. मशीन इतलं लहान का जिजाच्या डाव्या हाताची एक वीत पसरली तर सगळी बाराखडी त्यात मावायची.

पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, "अजी, तुम्ही दाढी करा."

झालं, तिथून बाई सुटली. चहात साखर तुम्ही टाकता की पोतं टाकतं. माझ्या भावाला तुम्ही काजलच्या बारशात जे बोललात ते चूक होतं. शेजारच्या शोभाताईंना भाजीचा भाव सांगू नका, त्यांना माहीत असतो. अशी एकेक वाक्यं. पण गंमत अशी का तिचं लिहिणं हळू आणि माझं तोंड फास्ट. तिनं दोन शब्द लिहिले का मी तिसरा आपल्या मनानं वाचायचो आणि उत्तर देऊन मोकळा. ती हातानं खाट बडवायची. शेवटी तिनंच कायदा काढला. तिनं 'अजी' लिहून मशीन माझ्याकडे फिरवलं का मी हातातलं काम सोडून स्टुलावर येऊन बसायचं आणि पूर्णविराम येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मले ते जड गेलं. पण अजी म्हणजे अजी. चार वर्षं मी तो कायदा पाळला आणि त्या चार वर्षांत मले समजलं का या बाईले किती गोष्टी माहीत होत्या. आधीच्या सदतीस वर्षांत आपण कोणासोबत राहून राहिलो होतो, असा प्रश्न पडायचा.

या दिवाळीनंतर ते मशीन बंद पडलं. बटण दाबलं तर काहीच नाही, दिवाही नाही.

सीताबर्डीले व्हेरायटी चौकाजवळ एका गल्लीत गुंजन नावाच्या पोरीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि तिच्यामागं उघड्या पोटाचे लॅपटॉप. पोरगी हुशार आहे, नरखेडकडची. तिनं उघडून पाहिलं, मान हलवली.

"काका, याचा बोर्ड गेला. आणि हा कंपनीनं बंद करून बारा-तेरा वर्षं झाली. याचे पार्ट आता कुठीच भेटत नाही."

"मग असाच दुसरा दे."

"असे आता बनतच नाहीत ना काका. लोकांले मोठा पडदा पाहिजे. लहान पाहिजे त्याच्याकडे मोबाईल आहे."

मी तिच्याशी भांडलो. तिनं चहा मागवला. पोरगी कोणाच्या भांडणानं हलत नाही, हे तेव्हाच समजलं.

घरी आलो तर जिजा दरवाज्याकडे पाहून राहिली होती. मी मान हलवली. तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून घरात माझा एकट्याचाच आवाज. मी बोलायचो, तो आवाज भिंतीवर जाऊन परत यायचा. सत्तरीले आलेल्या माणसाले स्वतःच्या आवाजाचा कंटाळा यावा, हे कोणाले सांगणार? मले तिचं बोलणं पाहिजे होतं. शिव्या दिल्या तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या पेटीतून सुताची लडी काढली. जिजाचा डावा हात खाटेवर पसरवला, करंगळीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत धागा धरला आणि दोन्हीकडे गाठ मारून तोडला. विणकराचं माप असंच असते, बोटं, वीत आणि हात. तो धागा खिशात घातला आणि निघालो.

आठ दिवस मी सीताबर्डी पालथी घातली. दुकानात गेलो का धागा काढायचो आणि बटणांवर आडवा धरायचो. दुकानदार एकमेकांकडे पाहायचे. एकजण म्हणे, काका, लॅपटॉप शिवायचा आहे का? मी म्हणलं, तुझं तोंड शिवतो पहिले. कोणाचं मशीन धाग्यापेक्षा चार बोटं जास्त, कोणाचं पाच. चपलेचा तळ सुटला तर चौकातल्या माणसाकडून खिळे ठोकून घेतले आणि पुढं चाललो. मले शुगर आहे, पाय अर्धे बधिर आहेत. डॉक्टर म्हणाले होते, रोज पाय उलटे करून पाहत जा. मी म्हणलं, पाय काय पळून चालले आहेत काय.

मध्ये काजलनं एक टॅब पाठवला. नुसता काचेचा, बटणं पडद्यावरच. जिजानं बोट ठेवलं, काही उमटलं नाही. परत ठेवलं, नाही. मागावर सुताची तुटलेली तार बोटांनी पिळून पिळून सांधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, बोटांची टोकं घासून गुळगुळीत, लाकडासारखी कोरडी झाली. राशनच्या मशीनवरही तिचा अंगठा लागत नाही, तिथं माझाच चालतो. त्या काचेले तर ती जिवंत आहे हेच कळेना. तिनं टॅब उलटा करून उशीखाली सरकवला.

मग कोणीतरी सांगतलं का काटोलच्या बाबूलाल आडत्याकडे असंच लहान मशीन पाहिलं आहे. बस पकडून गेलो. संत्र्याच्या ढिगांमधून वाट काढत त्याच्या गादीपर्यंत पोचलो. मशीन होतं. तेच, तसंच, पाटीएवढं. बाबूलालनं ते कागद उडू नये म्हणून पावत्यांवर ठेवलं होतं. मी धागा धरला, बरोब्बर गाठीपासून गाठीपर्यंत भरला. बटण दाबलं. बाबूलाल म्हणे, "वो सात साल से बंद है काका. वजन अच्छा है उसका, इसलिए रखा." त्यानं दोन संत्री दिली. ती मी बसस्टँडवर बसून खाल्ली आणि रडलो थोडंसं. थोडंसंच.

शेवटी परत गुंजनकडे गेलो. तिनं टेबलाखालून एक जुना पण ठीक केलेला लॅपटॉप काढला. अकरा इंची. "याहून लहान माझ्याकडे येणार नाही काका." मी धागा धरला. लॅपटॉप धाग्यापेक्षा दोन बोटं जास्त भरला.

आता पाहा, मी विणकराचा पोरगा. लुगड्याचा पन्हा दोन बोटं कमी भरला तर व्यापारी ते तोंडावर फेकायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. दोन बोटं म्हणजे किती, हे मले कोणी सांगायची गरज नव्हती. पण थकलो होतो. म्हणलं, दोन बोटांनी काय होते, ताणून घेईन ती. धाग्याले सांगतल्यासारखं मी स्वतःले सांगतलं आणि मशीन घेऊन आलो. गुंजननं जुन्यासारखेच स्टिकर लावून दिले.

जिजाच्या मांडीवर उशी, उशीवर मशीन. तिनं डावा हात ठेवला, अंगठा उजव्या कोपऱ्याकडे नेला, करंगळी ताणली. मग हात सरकवला, परत ताणला. मी समोर उभा.

"जमून राहिलं का वं हाताले?"

तिनं एकेक बटण दाबलं आणि मशीन माझ्याकडे फिरवलं. लिहिलं होतं, "जी".

जी म्हणजे काय, आमच्याकडे सगळ्यांले माहीत आहे. मोठ्या माणसानं विचारलं का लहान म्हणतात, जी. हाव, बरोबर, तुम्ही म्हणाल तसं. एकेचाळीस वर्षांत या बाईनं मले कधी जी म्हणलं नव्हतं. मले इतला आनंद झाला का मी तिथंच सुरू झालो. कोणत्या दुकानात कोण काय बोललं, काटोलची बस कशी उशिरा आली, बाबूलालनं कागदावर मशीन कसं ठेवलं. तिनं परत दाबलं, परत फिरवलं. "जी".

"अवं हाव, समजलं. आवडलं ना? झालं तर."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी चहा ठेवला, तिनं मशीन फिरवलं, जी. मी पाणी भरलं, जी. मी बाहेर निघालो, मागून खाट बडवल्याचा आवाज, वळून पाहिलं तर जी. मी म्हणलं, इतला मान नको देऊ बाई, सवय नाही. ती माझ्याकडे अशी पाहात होती का मले वाटलं उन्हामुळे डोळे बारीक केले आहेत. मी पडदा ओढून दिला.

तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, "पाय". पुढं काही लिहायच्या आधीच मी म्हणलं, थांब. तेलाची वाटी गरम केली आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेऊन अर्धा तास चोळला. ती डाव्या हातानं माझा हात ढकलायची, मी म्हणायचो, लाजू नको. मग तिनं खाली फरशीकडे बोट दाखवलं. फरशीवर तपकिरी ठिपके होते, दरवाज्यापासून खाटेपर्यंत. तिले घाण आवडत नाही. मी फडकं ओलं करून सगळं पुसलं. वर पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. मले वाटलं, नवऱ्याले फरशी पुसताना पाहून भरून आलं असन.

चौथ्या दिवशी तिनं मशीन बंद केलं. झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पाचव्या दिवशी उघडून समोर ठेवलं तर तिनं कोपरानं सरकवलं. तेव्हा मात्र माझं डोकं तापलं.

"आठ दिवस पायाचे तुकडे केले मी. काटोलपर्यंत गेलो. आणि तुले चार दिवसांत कंटाळा आला? काय पाहिजे तुले, सांगशील का?"

काय बोललो, कोणाले बोललो, ते बोलून झाल्यावर समजलं. मी मशीन पिशवीत टाकलं, चप्पल घातली आणि बर्डीले निघालो. सगळा राग गुंजनवर काढायचा, असं ठरवूनच निघालो.

गुंजननं माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा म्हणाली, "बसा काका." मग मशीन उघडलं आणि जिजानं लिहिलेलं पान पडद्यावर आणलं.

"हे काय आहे? जी, जी, जी."

"जी म्हणजे हाव. आवडलं म्हणून सांगून राहिली होती पहिले. मग काय बिघडलं, देव जाणे."

"मग जीच्या आधी ही रेघ कशाची आहे?"

मी चष्मा लावला. प्रत्येक जीच्या आधी खाली एक बारीकशी तिरपी रेघ होती. मले ती आधीही दिसली होती. वाटलं, मशीन जुनं आहे, कचरा येत असन.

"हे पाय मोडायचं चिन्ह आहे काका. अर्धं अक्षर करायले लागते ते." तिनं बटण दाखवलं. "पाहा, या बटणावर खाली हे चिन्ह आहे आणि वर 'अ' आहे. शिफ्ट नाही दाबलं गेलं तर अ येत नाही, हे येते. काकूंले अ लिहायचा होता."

मी पडद्याकडे पाहिलं. त्या रेघेच्या जागी अ ठेवून वाचलं.

"अजी," गुंजन म्हणाली. "अजी म्हणून राहिल्या काका त्या. माझी आजीबी आबाले असंच म्हणते. तुम्हाले आवाज देऊन राहिल्या."

मी मोजलं. एकोणीस वेळा. एकोणीस वेळा तिनं मले हाक मारली आणि मी प्रत्येक वेळी म्हणलं, हाव, समजलं. अजी लिहिलं का बसायचं, हा आमचा कायदा. ती लिहायची आणि वाट पाहायची का मी आता बसन. मी उभ्या उभ्या स्वतःचं कौतुक करून घ्यायचो. गुंजनच्या त्या लहानशा स्टुलावर मले बसवेना आणि उठवेनाही.

"दोन बोटं कमी पडली," मी म्हणलं. "धागा सांगून राहिला होता, मी ऐकलं नाही. तिचा अंगठा शिफ्टवर राहिला तर करंगळी अ पर्यंत पोचत नाही."

गुंजननं माझ्याकडे पाहिलं, मग बटणांकडे. "उजवं शिफ्ट काहून दाबतात त्या? अ इकडे डावीकडे आहे. डावं शिफ्ट त्याच्या बाजूलेच आहे. एका हातानं आरामात होते."

"ते मेलेलं आहे."

"कोण म्हणते?"

"पहिलेपासून मेलेलं आहे. चहा सांडला होता त्यावर."

पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं माझं बोट धरलं, डाव्या कोपऱ्यातल्या शिफ्टवर ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं बाजूचं बटण दाबायले लावलं. पडद्यावर अ आला. मोठा, काळा, अख्खा अ.

"ते त्या जुन्यातलं मेलं होतं काका. यातलं काहून मरन?"

म्हणजे पाहा. एका मशीनचं एक बटण मेलं, तर आम्ही नवराबायकोनं जगातल्या सगळ्या मशीनचं ते बटण मेलेलं धरून टाकलं. तिनं त्याले बोट लावून पाहिलं नाही आणि मी लाव म्हणलं नाही. मी पूर्ण बर्डी धागा घेऊन फिरलो, काटोलले गेलो, आणि गोष्ट एवढी होती.

ऑटो केला. मन राहत नव्हतं. घरी आलो, चप्पल दारात काढली, जिजाले उशीले टेकवून बसवलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिचा हात धरून डाव्या कोपऱ्यात नेला. तिनं हात मागं घेतला, ते मेलेलं आहे ना. मी परत नेला. करंगळी शिफ्टवर दाबली, बाजूचं बोट अ वर. पडद्यावर अ उमटला. ती त्या 'अ'कडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग स्वतःहून पुसून परत काढला. मग लिहिलं, "अजी".

आणि मी सुरू झालो. काय करू, आनंदच तसा होता. "पाहा वं, मी म्हणलं नव्हतं? गुंजन म्हणे काका, रेघ कशाची आहे. मी म्हणलं कचरा असन. अवं, एकोणीस वेळा तू मले आवाज दिला, आणि मी म्हणतो जी, जी. काजलले फोन लावतो आता, तिनंच तुले शिकवलं उजवं, तिच्यामुळंच झालं सगळं. नाही, चूक माझीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती पोरगी मोठी हुशार आहे, नरखेडची आहे, तिची आजीबी म्हणे..."

तिनं परत मशीन फिरवलं. अजी. मले दिसलं, पण वाक्य अर्धं होतं, ते कसं सोडू. मी खोलीत फिरत फिरत बोलत राहिलो. तिसऱ्यांदा अजी. मी म्हणलं, हाव, हाव, येतो, एवढं ऐक फक्त.

मग बटणांचा आवाज बराच वेळ चालला. तिनं मशीन माझ्याकडे फिरवलं आणि खाटेच्या दांडीवर हात आपटला. मी वाचलं.

"मारोतराव, मले बोलू द्या."

माझं नाव. राशनच्या बाबूसमोर घेतलं नाही, दवाखान्यात घेतलं नाही, लग्नातल्या उखाण्यातही असं पुटपुटली होती का कोणाले ऐकू गेलं नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याकडून आलं आणि पूर्ण आलं, मात्रा-काना धरून. आणि शुद्ध लिहिणारी बाई, 'मले' लिहून गेली होती. तिनं पुसलंही नाही.

मी स्टूल ओढलं आणि बसलो.

तिनं मशीन आपल्याकडे घेतलं. एक बोट, मग दुसरं बोट. खाली डावं शिफ्ट, बाजूले अक्षर. ती लिहीत होती आणि मी तिच्या बोटांकडे पाहत होतो, एक शब्द मनानं पुढं वाचला नाही. मध्ये तिनं एकदा थांबून हात झाडला, परत लिहायले लागली. मग मशीन फिरवलं.

"तुमच्या उजव्या टाचेत खिळा लागला आहे. तुम्ही आत येता तेव्हा फरशीवर रक्ताचे ठिपके पडतात. तुम्हाला दुखत नाही म्हणून कळत नाही. पाच दिवस सांगते आहे. आत्ता दवाखान्यात जा."

मी पाय उचलून गुडघ्यावर घेतला. टाच उलटी करून पाहिली. काळं भोक होतं, कडा पांढऱ्या झालेल्या, बाजूले सूज. दाबलं तर पाणी आलं, दुखलं मात्र नाही. मी दरवाज्याकडे पाहिलं. दारापासून माझ्या स्टुलापर्यंत ठिपके होते, ओले. असेच मी परवा फडकं घेऊन पुसले होते.

मले खूप बोलायचं होतं. ते पाय म्हणजे माझा पाय होता, ते बोट फरशीकडे काहून होतं, ते डोळे काहून भरले होते, मी तेलाची वाटी घेऊन काय करत बसलो होतो. सगळं जिभेवर आलं. पडद्यावर पाहिलं तर शेवटी पूर्णविराम होता, म्हणजे आता माझी पाळी होती. ती माझ्याकडे पाहून राहिली होती.

"जी," मी म्हणलं.